कॅसेटची उलटी बाजू

बाई,

त्या शनिवारी कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, असं तुम्ही मला का विचारलंत हे कळायला मला तेरा वर्षं लागली. कळलं तेव्हा तुम्हाला जाऊन नऊ वर्षं होऊन गेली होती, त्यामुळे उलट विचारायची सोय राहिली नव्हती. तुम्ही असताना तरी मी कुठे विचारलं असतं म्हणा. चांदवडच्या शाळेत पाचवीला तुम्ही मला पहिल्यांदा बाकावर उभं केलंत, तेव्हापासून तुमच्यासमोर माझी जीभ टाळूला चिकटायची. पुढे कॉलेजसाठी नाशिकला आले, पेठ नाक्याजवळच्या तुमच्या दोन खोल्यांत तीन वर्षं राहिले, तुमच्या चहाला किती उकळी लागते आणि तुमचा कुठला गुडघा आधी दुखतो हे सगळं मला ठाऊक झालं, तरी ती सवय काही सुटली नाही. आता चाळिशी आलीय. शाळेत पोरं मला घाबरतात. आणि हे लिहितानाही मी दोनदा उठून पाणी पिऊन आलेय.

मागच्या महिन्यात मी पेठला गेले होते. त्याबद्दल सांगायचंय, पण ते सरळ सांगता येत नाही, आधी मागचं सांगावं लागतं. तुम्हाला सगळं माहीत आहेच. तरी मला ते एकदा ओळीने मांडून बघायचंय, कारण त्यात तुम्हाला नेमकं किती माहीत होतं तेच मला कळत नाही.

निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात, तुम्ही बातम्यांना लागलात. सावळघाटापलीकडे, पेठ तालुक्यात, रेडिओ नीट लागत नाही, पेपर दुपारी पोचतो, आणि पोचला तरी वाचणार कोण, एवढा हिशोब करून तुम्ही सहा कोऱ्या कॅसेटी आणल्यात. सोमवार ते शनिवार, वाराला एक. पहाटे पाचला उठून चार पेपर वाचायचे, त्यातलं कामाचं निवडायचं, तालुक्याचं काही कळलं असेल ते घालायचं, कागदावर लिहून काढायचं आणि साडेसातच्या आत वीस मिनिटं टेप करायचं. आठाच्या पेठ गाडीचा कंडक्टर नाक्यावर हात बाहेर काढायचा, मी धावत जाऊन त्याच्या हातात कापडी पिशवी द्यायची. पेठच्या स्टँडवर ज्या मावशींचं हॉटेल होतं, म्हणजे चार बाकडी आणि एक भट्टी, त्यांच्याकडे टेप आणि कर्णा होता. दहाच्या सुमाराला तिथे ती कॅसेट वाजायची. बाजाराला आलेली, दवाखान्यात आलेली, गाडीची वाट बघत बसलेली माणसं ऐकायची आणि आपापल्या पाड्यावर जाऊन सांगायची. कुणी विचारलं तर तुम्ही म्हणायचात, "वर्ग सुटला नाही माझा. फक्त लांब गेलाय."

इथवर कुणालाही सुचलं असतं. तुमचं डोकं पुढे होतं. कॅसेटला दुसरी बाजू असते आणि ती कोरी परत येते, हे तुम्हाला बघवेना. तुम्ही मावशींना निरोप पाठवलात की आमची बाजू ऐकून झाली की कॅसेट उलटी करा आणि ज्याला जे वाटतं ते त्यात बोलू द्या. बातमी कशी वाटली, काय चुकलं, काय राहिलं. संध्याकाळच्या गाडीने पिशवी परत यायची आणि देवापाशी दिवा लावून झाला की तुम्ही 'उलटी' लावून बसायचात. हे नाव पेठच्यांनीच दिलं. "आज मी उलटीवर बोललो," असं लोक एकमेकांना सांगायचे म्हणे.

काय काय मतं असायची! एकजण रोज यायचा आणि रोज एकच म्हणायचा, दिल्लीतलं मंत्रिमंडळ बदललं ते ठीक, पण घाटात दरड आलीय का ते आधी सांगत जा. एका म्हाताऱ्याला क्रिकेटचा राग होता. "चेंडूफळीच्या बातम्या नको, त्यात काय पिकतंय?" एका बाईने तुम्हाला खडसावलं होतं, "हळू वाचा जरा. चहा गाळू का तुमचं ऐकू?" आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही खरंच हळू वाचायला लागलात. शाळेत इन्स्पेक्टरचं न ऐकणारी बाई पेठच्या स्टँडवरच्या बाईचं निमूट ऐकते, याची मला फार गंमत वाटायची. तुम्ही ते सगळं वहीत उतरवून घ्यायचात, चुकांखाली लाल रेघ मारायचात, आणि रेघा बहुतेक स्वतःच्या लिखाणाखाली असायच्या. लोकांचं मत ऐकताना तुमचा चेहरा कसा व्हायचा ते मला अजून दिसतं. वर्गात तो तसा कधी झाला नव्हता. तुम्ही चक्क शिकत असायचात.

दुसऱ्या वर्षी तुमचा घसा बसायला लागला आणि वाचायचं काम माझ्याकडे आलं. मला तर आकाश ठेंगणं झालं. रेडिओवर निवेदिका व्हायचं हे माझं तेव्हाचं वेड, तुम्हाला ठाऊक होतंच. त्या काळात मी आरशासमोर उभी राहून "श्रोतेहो" म्हणायचे आणि तुम्ही स्वयंपाकघरातून ओरडायचात, "श्रोत्यांना जेवायला वाढ आधी." आवाजाच्या चाचणीचं पत्र आलं तेव्हा तुम्ही मला सोबत घेऊन शालिमारला गेलात आणि निळं वॉयल घेऊन दिलंत, दुकानदाराला सांगत, "आमची मुलगी बोलायला चाललीय, ऐकणाऱ्याला दिसणार नाही, पण हिला तरी दिसू दे." ती साडी मी चाचणीपर्यंत घडी मोडायची नाही म्हणून जपून ठेवली होती. चाचणी पंधरा दिवसांवर होती, आणि मध्ये तो शनिवार आला.

शनिवारी संध्याकाळी तुम्ही पंचवटीत कुणाकडे तरी हळदीला गेला होतात. पिशवी आली. खरं तर उलटी तुमच्याआधी कुणी ऐकायची नाही असा नियम होता, पण मला राहवेना. मी स्वयंपाकघरात टेप नेला, कुकर लावला आणि ऐकायला बसले. पहिलाच आवाज एका पोरसवद्या माणसाचा. तो माझी नक्कल करत होता. नाकातून, लाडेलाडे, "नमस्कार श्रोतेहो, सुरगाण्याकडे दोन बैल वीज पडून मेलेऽऽ." स्टँड सगळा हसत होता. मग एक म्हातारी म्हणाली, "ती नवी पोरगी मेल्याची बातमी आन् लग्नाची बातमी एकाच तोंडानं सांगती. तिला म्हनावं तू नको वाचू. बाईंनाच वाचू द्या." त्यावर आणखी हसणं. माझे कान तापले. पंधरा दिवसांनी मी परीक्षकांसमोर बसणार होते आणि इथे पेठच्या स्टँडने माझा निकाल लावून टाकला होता. तुम्ही हे ऐकणार, वहीत लिहिणार, खाली लाल रेघ मारणार. मला ते सहन होईना.

मग शेवटी हॉटेलवाल्या मावशी बोलल्या. त्या म्हणाल्या, "बाई, ते डोळ्याचं शिबिर बेस्तरवारी नाय ऱ्हायलं. दवाखान्यातला कंपाउंडर चहा प्याला आलता, त्यो म्हनला, बुधवारी घेतलंय. सोमवारच्या कॅसेटीत सांगा, मानसं तुमच्या सांगन्यावर निघत्यात." बेस्तरवार म्हणजे गुरुवार. शुक्रवारच्या बातम्यांत मीच सांगितलं होतं की पेठच्या दवाखान्यात गुरुवारी मोतीबिंदूचं शिबिर आहे. शिबिर घेणाऱ्या संस्थेचं पत्र तसंच होतं.

पुढची कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी तिथपर्यंत ऐकलंच नव्हतं, नक्कल ऐकून टेप बंद केला होता. सांगून सांगून ते खरंही वाटायला लागलं होतं. पण ऐकलं होतं, बाई. शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं, मग कॅसेट मागे घेतली आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबून गप्प बसून राहिले. वीस-बावीस मिनिटं श्वाससुद्धा हळू घेत होते. म्हटलं, शिबिराचं काय, ते कसंही सुचवता येईल.

तुम्ही आलात, दिवा लावलात, उलटी लावलीत. मी म्हणाले, "आज कुणी बोललंच नाही वाटतं, बाई. मी जरा लावून बघितली, कोरी आहे." नियम मोडल्याबद्दल तुम्ही रागवाल असं वाटलं होतं. तुम्ही डोळे मिटून बसलात आणि ती कोरी बाजू ऐकत राहिलात. मी म्हटलं, बाईंना झोप लागली. मध्येच तुम्ही डोळे उघडलेत, स्वयंपाकघराकडे पाहिलंत आणि विचारलंत, "आज कुकरच्या किती शिट्ट्या घेतल्यास?" मी म्हणाले, "चार. डाळ जुनी आहे." तुम्ही "बरं" म्हणालात आणि कॅसेट शेवटपर्यंत चालू दिलीत. जेवताना तुम्ही डाळ चांगली झालीय म्हणालात. बस.

सोमवारी सकाळी तुम्ही कागद माझ्या हातात दिलात. त्यात शिबिराची आठवण होती, गुरुवारी म्हणून. आणि तुम्ही म्हणालात, "यात काही बदलायचंय का?" त्याआधी असं तुम्ही कधी विचारलं नव्हतं. तुमच्या कागदातला स्वल्पविराम हलवला तरी तुम्ही भुवई उचलायचात. मी म्हणाले, "नाही." चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते त्या क्षणी माझ्या मनात इतकं लख्ख पडलं होतं की कागदावरची अक्षरं मला दिसेनात. बुधवार सांगावा तर तो कुठून कळला हे सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की सगळंच उलगडत जाणार. मी स्वतःची समजूत घातली, की मावशींची ऐकण्यात चूक झाली असेल, कंपाउंडर थापा मारत असेल, दवाखान्यातून दवंडी दिली असेलच. आणि मी वाचलं, "गुरुवारी." मंगळवारी वाचलं. बुधवारी सकाळीही वाचलं. तिन्ही दिवस तुम्ही कागद देताना थांबायचात आणि माझ्याकडे बघायचात, आणि तिन्ही दिवस मी टेपकडे बघायचे.

गुरुवारच्या उलटीवर एकच माणूस बोलला. बाकी कुणी बोललं नाही, मागे नेहमीचं हसणं-खिदळणंही नव्हतं. म्हातारा आवाज होता. "त्या पोरीनं बेस्तरवार सांगितलं व्हतं, म्हून आलो. म्हातारीनं हाताला धरून आनलं, लय चाल हाय. हितं कोन नाय. आता घरी जातो." मग त्याने कुणाला तरी विचारलं, "झालं का? एवढंच बोलायचं?" आणि आवाज संपला.

ज्या आवाजाची स्टँडवर टिंगल झाली, त्याच आवाजावर विश्वास ठेवून तो माणूस बायकोचा हात धरून डोंगर उतरून आला होता. तुम्ही ते तीनदा ऐकलंत. मी भिंतीला टेकून उभी होते. तुम्ही आता विचाराल आणि मी सांगून टाकेन, अशी माझी तयारी झाली होती. खरंच झाली होती. तुम्ही विचारलं नाहीत. "झोप जा," म्हणालात.

शुक्रवारी सकाळी तुम्ही कागद मला दिला नाहीत. बसलेल्या घशाने स्वतः वाचायला बसलात. पहिलंच वाक्य होतं, "शिबिराचा दिवस आपण चुकीचा सांगितला. चूक माझी आहे. मला विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही." बटण दाबून मी शेजारी उभी होते. मला वाटलं, बाई मोठेपणा घेतायत, दवाखान्यात विचारायला हवं होतं असं म्हणतायत. त्या वाक्यात दवाखाना नव्हताच, हे आता कळतं. मग टेप बंद करून तुम्ही म्हणालात, "आजपासून महिनाभर तू वाचायचं नाहीस. उलटी ऐकायची आणि शब्दन् शब्द लिहून काढायचा. हसले तर तेही लिहायचं." मी चिडून विचारलं, "का? माझा आवाज वाईट आहे म्हणून?" तुम्ही म्हणालात, "आवाजाला काय धाड भरलीय? कानाचं बघायचंय."

मला ती शिक्षा वाटली आणि अन्यायही वाटला. माणूस किती निर्लज्ज असू शकतो बघा. स्वतः माती खाऊन वर मीच रुसले.

रविवारी तुम्ही पेठला निघालात. "येतेस?" म्हणालात. मी म्हटलं, अभ्यास आहे. तुम्ही एकट्याच गेलात, स्टँडवरून कुणाला तरी सोबत घेऊन त्या म्हाताऱ्याच्या पाड्यापर्यंत चालत गेलात, त्या गुडघ्यांनी, आणि संध्याकाळी परत आलात ते पिशवीत दोन शेर नागली घेऊन. "माफी मागायला गेले तर त्यांनी हीच हातात ठेवली. नको कसं म्हणू?" तुम्ही नागलीची भाकरी केलीत. "खा," म्हणालात, "लांबून आलीय." मी खाल्ली. काळीशार, गरम, लसणाच्या चटणीबरोबर. मला फार लाज वाटत होती आणि भूकही फार लागली होती, आणि दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं याचं मला आश्चर्य वाटलं.

मग तो महिना. रोज संध्याकाळी मी उलटी ऐकून लिहायचे. आधी रागाने, मग सवयीने, आणि दुसऱ्या आठवड्यापासून चक्क उत्सुकतेने. वीस मिनिटांचं लिहायला दीड तास लागायचा, कारण माणसं एकमेकांच्या बोलण्यात बोलतात, मध्येच गाडी सुटते, कुणी म्हणतं "थांब रे" आणि परत येत नाही. मला कळायला लागलं की "बातमी बरी व्हती" असं म्हणणारा माणूस ती न ऐकताच बोलतोय आणि शिव्या घालणारा ओळन् ओळ ऐकून आलाय. बैल मेले म्हटल्यावर तिथे कुणीतरी जीभ टाळूला लावून च्‌ च्‌ करतं, आणि तेवढी जागा वाचणाऱ्याने ठेवली पाहिजे, हेही तिथेच कळलं. आवाजाच्या चाचणीत मी नापास झाले. निळ्या साडीची घडी मोडली, पण उपयोग झाला नाही. नापास झाल्याचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही म्हणालात, "आज तू वाच." मी वाचलं. चौथ्या दिवशी उलटीवर ती म्हातारी म्हणाली, "आता वाचती बरी. आजारी व्हती का मदी?" एवढं मोठं प्रमाणपत्र मला पुढे कुणी दिलं नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मी डीएड झाले, मास्तरीण झाले, केबल आली, पेठलाही आली, कॅसेट बंद पडली, आणि मग तुम्ही गेलात. तुमची तब्येत ढासळली होती तेव्हा मी आठवड्यातून एकदा यायचे, पेपर वाचून दाखवायचे. सांगायला तेव्हा भरपूर संध्याकाळी होत्या. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात आणि मी अग्रलेखाआड लपायचे.

तुमच्या पश्चात मला शाळांसाठी कवितांच्या आणि पाठांच्या ध्वनिफिती करायचं काम मिळालं. आवाज शेवटी कामी आला. तिथला रेकॉर्डिंग करणारा माणूस एकदा मला म्हणाला, "ताई, दोन मिनिटं गप्प बसा, मला खोली रेकॉर्ड करायचीय." मी हसले. म्हटलं, रिकाम्या खोलीत काय रेकॉर्ड होणार? त्याने ते मला हेडफोनवर ऐकवलं. पंखा, ट्यूबलाइटची गुणगुण, खालच्या रस्त्यावरचा हॉर्न, माझ्या बांगडीची किणकिण. तो म्हणाला, "माइक चालू असला की कोरं काही नसतं." आणि त्याच क्षणी, बाई, मला तो शनिवार आठवला. तुमच्या टेपला माइक आतच होता. मी त्याला स्वयंपाकघरात, कुकरच्या शेजारी ठेवून वीस मिनिटं बटण दाबून बसले होते. पेठहून आलेल्या कोऱ्या कॅसेटवर तुम्ही तुमच्याच घरातल्या चार शिट्ट्या ऐकल्या होत्यात.

म्हणजे त्या शनिवारीच तुम्हाला कळलं होतं की मी काहीतरी पुसलंय. मग का नाही बोललात? हा प्रश्न मी चार वर्षं उलटसुलट करून बघितलाय. माझी चाचणी होती म्हणून मला जपलंत? की शाळेतल्यासारखं, पोर आपणहून हात वर करेपर्यंत थांबायचं, ही तुमची जुनी खोड? काय पुसलंय हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, माझ्याविषयीचं काहीतरी असणार एवढंच वाटलं असेल. तुम्ही माझ्या बोलण्याची वाट बघत होतात आणि मी तुमच्या विचारण्याची. आपल्या दोघींच्या मध्ये ते चार दिवस गेले. कधी कधी मला तुमचा रागही येतो. एक कानाखाली वाजवली असती तर त्या म्हाताऱ्याचं शिबिर चुकलं नसतं. मग वाटतं, तुम्हीही हेच म्हणालात की, "मला विचारायला हवं होतं."

हल्ली टीव्हीवर बातम्यांच्या शेवटी विचारतात, तुम्हाला काय वाटतं, हो की नाही, एसएमएस करा. शाळेत टीचर्स रूममध्ये सगळ्या जणी करतात. मला ते जमत नाही. हो आणि नाही यांच्या मध्येच तर पेठचा सगळा स्टँड बसलेला असायचा.

तर मागच्या महिन्यात ध्वनिफितींच्या प्रशिक्षणासाठी मला पेठला पाठवलं. दुपारी मी स्टँडवर गेले. हॉटेल आहे अजून. पत्रे नवीन आहेत, बाकड्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्यात, भट्टीवर सून असते. मावशी बाजूला बसून कांदे चिरत होत्या. मी ओळख दिली नाही, नुसता चहा मागितला. दोन वाक्यं बोलले तर त्यांनी वर पाहिलं. "तू ती कॅसेटवाली पोर ना गं? बाईंची?" तोंडावरून नाही, आवाजावरून ओळखलं. चहाचे पैसे घेतले नाहीत.

तुमची खूप आठवण काढली त्यांनी. मग मी त्या म्हाताऱ्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी झालं की त्याचं आपरेशन. एक डोळा आला, एक गेला व्हता तवर. लय मिस्किल म्हातारा. म्हनायचा, आता समदं दिसतंय, पर न दिसता ऐकायलाच बरं वाटायचं." म्हातारा पाच वर्षांपूर्वी गेला म्हणे. मला हसूही आलं आणि रडूही. 'एक गेला होता तोवर' हे वाक्य मी तेव्हापासून कुठेही असले तरी ऐकते.

आणि मग मावशींनी आपणहून सांगितलं. त्या रविवारी तुम्ही आधी त्यांच्याकडे बसलात आणि विचारलंत, शनिवारी उलटीवर काय बोलला होतात. त्यांनी सांगितलं की शिबिर बुधवारी आहे असं बोलले होते. तुम्ही म्हणालात, कॅसेटवर ते नव्हतं. "मी म्हनलं, बाई, मग माझंच चुकलं. सोमवारी कॅसेटीत बेस्तरवारच निघालं तवा मला वाटलं, बाई चौकशी करूनच सांगत असतील, मीच आडानी, काईतरी ऐकलं आसंल. म्हून मीच समद्यांना सांगितलं, बेस्तरवारीच जा. त्या म्हाताऱ्यालाबी मीच सांगितलं व्हतं." तुम्ही त्यांना म्हणालात म्हणे, "नाही मावशी, चूक माझ्या घरातली आहे." पण त्यांनी ते तुमचं मोठेपण धरलं. त्यांनी स्वतःपुरता निकाल लावला की बोलायच्या आधी आपण रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलंच नसणार. तेव्हापासून प्रत्येक उलटीच्या सुरुवातीला त्या मोठ्याने म्हणायच्या, "लाल दाबलंय हां, बाई." त्या महिन्यात मी रोज पहिल्या ओळीत हेच लिहीत होते, बाई. तुमच्या वहीत असेल ते माझ्या अक्षरात, एकदा नाही, पंचवीस वेळा. मला वाटायचं, मावशींची लकब आहे.

म्हणजे रविवारपासून तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मी काय पुसलं तेही. तरी तुम्ही घरी येऊन मला नागलीची भाकरी करून घातलीत. हे मला कळत नाही, आणि खरं सांगायचं तर कळून घ्यायची आता घाईही नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, कळलं नाही ते वहीत लिहून ठेव. तेच करतेय. हे कुठे पाठवायचं नाहीच. तुमच्या पेठ नाक्यावरच्या घरात आता कुरिअरचं ऑफिस आहे.

फक्त एक गोष्ट सांगायची राहिली. कांदे चिरता चिरता मावशी थांबल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू तर बाईंच्या घरातच व्हतीस. तुला ठावं आसंल. मी ते लाल बटन दाबलंच नसंल ना गं?" सतरा वर्षं त्या हे विचारायला कुणीतरी यायची वाट बघत असाव्यात, असं त्यांचं तोंड होतं. माझ्या हातात त्यांचा फुकटचा चहा होता.

मी म्हणाले, "नसेल दाबलं, मावशी."